मनाच्या दवाखान्याची वाट

दाढ दुखू लागली, की तालुक्याच्या गावातही दंतवैद्याची पाटी कोठे आहे हे कुणाला शोधत बसावे लागत नाही. चष्म्याचा नंबर बदलल्याची शंका आली, की कचेरीतील शेजारच्या टेबलावरचा सहकारी नेत्रतज्ज्ञाचे नाव, पत्ता आणि फी या तिन्ही गोष्टी एका दमात सांगून मोकळा होतो. पण गॅस बंद केला की नाही हे पाहण्यासाठी रात्री चारचारदा उठणारा कारकून, वर्गावर जाण्यापूर्वी छातीत धडधड होऊन घामाघूम होणारी शिक्षिका, किंवा परीक्षा दोन महिन्यांवर आली असता पुस्तक उघडण्याचेही बळ गमावून बसलेला विद्यार्थी, यांनी नेमके कोठे जावे हे तो सहकारी सांगू शकत नाही. आणि त्याला तसे विचारण्याचे धैर्य तर त्याहूनही होत नाही.

या परिस्थितीचे खापर लोकलज्जेवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याची वाट दाखवा' असे म्हणून हसणाऱ्या समाजात मनाचे दुखणे उघड करणे अवघड आहे, हे खोटे नाही. परंतु हे निदान अपुरे आहे. लाज बाजूला सारून उपचार घ्यायचाच, असा निश्चय केलेला माणूसही आज चौरस्त्यावर उभा राहतो. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक अशा पाट्यांतील फरक त्याला ठाऊक नसतो. आत गेल्यावर काय होईल, किती दिवस लागतील, किती पैसे पडतील, यांपैकी कशाचीही कल्पना नसते. शिवाय शोध घेणे, निवड करणे, दूरध्वनी करणे, नकार पचवून दुसरीकडे विचारणे ही सारी कामे करण्याची शक्तीच खिन्नता आणि भय हिरावून घेतात. पाय मोडलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत चालत यायला सांगावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून लाज घालवण्याच्या उपदेशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज आहे ती वाट दाखवण्याची आणि ती सोपी करण्याची.

दुखणे किती मोठे आहे, याचा अंदाज बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा जण पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. नैराश्य, चिंता यांसारख्या नित्याच्या विकारांत शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुग्ण उपचारांवाचून होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण येथील चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही.

पाटीवरचा शब्द

वाट शोधण्याची पहिली पायरी म्हणजे माणसे ओळखणे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. एम. बी. बी. एस. नंतर मनोविकारशास्त्रातील एम. डी., डी. एन. बी. किंवा पदविका त्याने घेतलेली असते, आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नव्हे. मानसशास्त्रातील एम. ए. नंतर, आजवर प्रामुख्याने एम. फिल. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात, रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून त्याने हे शिक्षण घेतलेले असते. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावी लागते. तो औषधे देत नाही. चाचण्या घेणे आणि संवादातून व सरावातून उपचार करणे हे त्याचे काम. तिसरा वर्ग समुपदेशकांचा. यात मानसशास्त्राचे उत्तम पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माणसे आहेत, तशी काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलीही आहेत. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा केला आणि या क्षेत्रातील अनेक व्यवसाय त्याच्या कक्षेत आणले. तरीही केवळ पाटीवरच्या शब्दावर विसंबणे शहाणपणाचे नाही. शिक्षण कोणते आणि नोंदणी कोठे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जो खरोखर शिकलेला आहे, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

कोणाकडे आधी जावे, याचे ढोबळ उत्तर देता येते. कानांत नसलेले आवाज येणे, निराधार संशय बळावणे, कित्येक दिवस झोपेवाचून अतिउत्साहात राहणे, जेवणखाण सुटणे, किंवा जीव नकोसा होऊन तसे विचार येऊ लागणे, अशा स्थितीत मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने जावे. तेथे औषधांना पर्याय नाही आणि दिरंगाईला जागा नाही. भय, चिंता, मंत्रचळ, सौम्य वा मध्यम खिन्नता, यांत मात्र औषधाबरोबर किंवा औषधाशिवायही जो उपचार गुणकारी ठरला आहे, तो म्हणजे वर्तनोपचार. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांसारख्या शारीरिक कारणांनीही मरगळ आणि अस्वस्थता येते. तेव्हा नेहमीच्या डॉक्टरकडून एकदा तपासणी करून घेणे इष्ट.

उपचार की शिकवणी?

मानसोपचार म्हटला की कोचावर पडलेला रुग्ण बालपणीच्या आठवणी सांगतो आहे आणि दाढीवाला तज्ज्ञ टिपणे घेतो आहे, असे चित्र चित्रपटांमुळे अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वर्तनोपचाराचा या चित्राशी फारसा संबंध नाही. त्याचे साम्य शोधायचेच तर ते तालमीशी किंवा गाण्याच्या शिकवणीशी शोधावे. गुरूने दाखवायचे, शिष्याने घरी घोटायचे, आणि पुढच्या वेळी कोठे अडले ते पाहायचे, अशी ही रीत आहे.

तिचा इतिहासही असाच साधा आणि प्रयोगाचा आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने सशाला भिणाऱ्या, जेमतेम तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना सशाचा पिंजरा आधी दूर ठेवायचा आणि दर खेपेस थोडा जवळ आणायचा, असा क्रम तिने ठेवला. शेवटी ते मूल सशाला गोंजारू लागले. दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात याच तत्त्वाला पद्धतशीर रूप दिले. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या रुग्णांना घाणीच्या भीतीला सामोरे करून धुण्यापुसण्यापासून रोखण्याचा उपचार मांडला. तोवर असाध्य मानलेल्या या विकाराला त्यामुळे उतार पडू लागला. दुसरीकडे १९५५ पासून अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० नंतरच्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी अविवेकी विचारांची उलटतपासणी घेण्याची रीत घडवली. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची 'कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी', म्हणजे विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी पद्धती, उभी राहिली. मराठी माणसाला ती सर्वस्वी परकी नाही. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून डॉ. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला आणि येथे रुजवला. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेने तो लोकांपर्यंत नेला.

या पद्धतीचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते: भय टाळल्याने वाढते आणि सामोरे गेल्याने ओसरते. कुलूप पुन्हा ओढून पाहिले की क्षणभर बरे वाटते. पण त्या क्षणिक सुखामुळेच पुन्हा ओढून पाहण्याची सवय घट्ट होते. मोठ्या साहेबांपुढे बोलण्याचा प्रसंग टाळला की त्या दिवसापुरती सुटका होते, पण साहेब मनात दोन बोटे उंच होतो. खिन्नतेचे चक्रही असेच आहे. मन लागत नाही म्हणून माणूस अंथरूण सोडत नाही, आणि अंथरूण सोडत नाही म्हणून मन रमेल असे काही घडत नाही. 'आधी बरे वाटू दे, मग फिरायला जाईन' हा क्रम वर्तनोपचार उलटा करतो. आधी फिरायला जा, बरे वाटणे मागाहून येईल, असे तो सांगतो. तोही नुसता सांगत नाही. किती वाजता, कोणाबरोबर, किती अंतर, हे ठरवून घेतो.

पहिल्या चार बैठकी

आत गेल्यावर काय होते, हे ठाऊक असले की उंबरठा निम्मा खाली येतो. पहिली बैठक साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, झोप, भूक, घर, नोकरी, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे, असे प्रश्न विचारले जातात. सारे आयुष्य त्याच दिवशी उलगडण्याची सक्ती नसते. जे सांगावेसे वाटत नाही ते पुढच्या खेपेवर ठेवता येते. एका कागदावर त्रासाचे दोनतीन ठळक प्रसंग आणि औषधांची नावे लिहून नेली, तर घाबरलेल्या मनाला आधार मिळतो.

दुसऱ्या बैठकीच्या सुमारास नोंदवही सुरू होते. दिवसात किती वेळा कुलूप पाहिले, कोणत्या वेळी छाती धडधडली, त्या क्षणी मनात काय आले, मग काय केले, हे रुग्णाने स्वतः टिपायचे असते. कित्येकांना येथेच पहिला धक्का बसतो. 'दिवसभर' वाटणारा त्रास विशिष्ट वेळी आणि विशिष्ट कारणाने होतो, हे कागद दाखवतो. मग उद्दिष्ट ठरते. 'मन शांत व्हावे' हे उद्दिष्ट नव्हे. 'रात्री एकदाच गॅस पाहून निजणे' हे उद्दिष्ट. त्यानंतर भयाची शिडी रचली जाते: सर्वांत सोपी पायरी खाली, सर्वांत कठीण वर. वर्गाची धास्ती घेतलेल्या शिक्षिकेसाठी आधी रिकाम्या वर्गात मोठ्याने पाठ म्हणणे, मग दोन सहकाऱ्यांपुढे, मग लहान वर्गापुढे, अशी चढण असू शकते. एका पायरीवरची धडधड ओसरू लागली, की पुढची. पळून न जाता थांबले तर धडधड आपोआप उतरते, हे व्याख्यानाने पटत नाही, अनुभवाने पटते. म्हणून गृहपाठाला येथे सर्वाधिक महत्त्व आहे. आठवड्यातला एक तास तज्ज्ञासमोर जातो, उरलेले एकशे सदुसष्ट तास रुग्णाचे स्वतःचे असतात.

दोन गोष्टींची कल्पना आधीच असावी. पहिली अशी, की सामोरे जाण्याचा सराव सुरू झाल्यावर त्रास प्रथम वाढल्यासारखा वाटतो; पुष्कळ जण नेमके तेव्हाच उपचार सोडतात. दुसरी अशी, की हा उपचार जन्मभराचा नाही. नित्याच्या विकारांत बारा ते सोळा बैठकींचा काळ सर्वसाधारण मानला जातो. काहींना कमी पुरतो, काहींना अधिक लागतो. पाचसहा बैठकींनंतर काहीच हलत नसेल, तर तसे तज्ज्ञाला स्पष्ट सांगावे आणि गरज पडल्यास तज्ज्ञ बदलावा. मात्र चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि जो पहिल्याच भेटीत खात्रीशीर बरे करण्याची हमी देतो, पद्धतीचे नाव सांगत नाही, किंवा चाळीस बैठकींचे पैसे आगाऊ मागतो, त्याचा जिना लगेच उतरावा.

गोव्याचा दाखला

हे सारे मोठ्या शहरांतील सुशिक्षितांसाठी ठीक, खेड्यात कोण करणार, अशी शंका घेतली जाते. तिला उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी खिन्नतेच्या रुग्णांना वर्तनोपचाराच्या सहा ते आठ छोट्या बैठकी दिल्या. ४९५ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी ३९ टक्के रुग्ण खिन्नतेतून बाहेर आले होते. बैठकी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. रुग्ण सौम्य नव्हते, मध्यम-तीव्र ते तीव्र खिन्नतेचे होते. यावरून तज्ज्ञांची गरज नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, कारण कार्यकर्त्यांना शिकवणारे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे कुणी तरी लागतेच. पण तज्ज्ञ पुरेसे नाहीत म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब मात्र या प्रयोगाने निकालात काढली आहे.

हक्क कागदावर

कायद्याची बाजू तर भक्कम आहे. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला, उपचारांच्या गोपनीयतेला संरक्षण दिले, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवावे असे बंधन घातले. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ज्याला कोठे जावे हे उमगत नाही, त्याने प्रथम हा क्रमांक फिरवावा, हा सर्वांत सोपा सल्ला ठरेल. त्याशिवाय जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालये यांचे मनोविकार विभाग आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण तपासणी होते, आणि तेथे पाऊल टाकणे म्हणजे दाखल होणे नव्हे.

पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर आहे. विम्याची बहुतेक पत्रे रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च देतात. वर्तनोपचार तर आठवड्याला एक तास बसून घ्यावयाचा असतो. म्हणजे समानतेचे तत्त्व पाळूनही ज्या उपचाराने माणूस दाखल होण्यापासून वाचतो, त्याचाच खर्च बहुधा खिशातून करावा लागतो. शहरातील खाजगी बैठकीची फी अनेकदा हजार रुपयांच्या पुढे जाते. बारा बैठकींचा हिशेब कारकुनाच्या घरात सहज बसत नाही. सरकारी विभागात पैसे लागत नाहीत किंवा नाममात्र लागतात. पण तेथे सकाळच्या गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात, गोळ्या लिहून होतात आणि संवाद राहून जातो. जिल्हा कार्यक्रमात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. ते पद भरलेले असणे आणि त्या माणसाला पाऊण तास शांतपणे बसता येईल अशी खोली असणे, या दोन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल.

वेळेचा प्रश्न तितकाच खरा आहे. बाह्यरुग्ण विभाग कचेरीच्या आणि शाळेच्या वेळेतच चालतो. सलग बारा आठवडे अर्ध्या दिवसाची रजा मागायची, तर कारण लिहावे लागते. आणि कारण लिहिले की बातमी चहाच्या टेबलावर पोचते. दंतवैद्याकडे जाणाऱ्याची जशी कुणी चौकशी करीत नाही, तशी सवलत येथे 'वैद्यकीय कारण' एवढ्याच शब्दांवर मिळावी. जिल्हा रुग्णालयांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी हा विभाग उघडा ठेवावा. प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कचेरीच्या हजेरीपटाशेजारी जवळच्या सरकारी विभागाचा पत्ता, वार, वेळ आणि १४४१६ हा क्रमांक कायमचा लावलेला असावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही जवळपास लागत नाही. मुख्याध्यापकाची किंवा कार्यालय-अधीक्षकाची एक सही लागते.

आणि घरच्यांनी, मित्रांनी करावयाचे काम त्याहून लहान, पण त्याहून मोलाचे आहे. 'मन घट्ट कर', 'आमच्या वेळी नव्हते असले काही' हे उपदेश बाजूला ठेवून पहिला दूरध्वनी रुग्णाच्या वतीने करणे, वेळ ठरवणे, पहिल्या दिवशी सोबत जाऊन बाहेरच्या बाकावर बसून राहणे, एवढे जरी झाले तरी रुग्णाला सर्वांत अवघड वाटणारा भाग पार पडतो. मंत्रचळाच्या रुग्णाला 'हो, कुलूप लागले आहे' असे दहादा सांगत राहणे ही मदत नाही, हेही घरच्यांनी तज्ज्ञाकडून समजून घ्यावे. पुढची शिडी रुग्णाला स्वतःच चढायची असते. ती कोणी कोणासाठी चढू शकत नाही. शिडीच्या पायथ्यापर्यंतची वाट मात्र इतरांनी झाडून ठेवता येते, आणि ते काम समाजाने रुग्णाच्या धैर्यावर सोपवून स्वस्थ बसू नये.